पंधरा कोटींच्या बेटावर दहा दिवस

दिवस पहिला (१२ ऑगस्ट) : जकार्ता

"बाली नको, तिथे सगळं गाव जातं," असं दादाने आधीच बजावून ठेवलं होतं. म्हणून बालीच्या शेजारचं जावा, इंडोनेशियाचंच बेट. या बेटावर मुळात केवढं गाव राहतं, त्याचा हिशेब मी विमानात त्याच्यापुढे मांडला. क्षेत्रफळ सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. माणसं २०२०च्या जनगणनेत पंधरा कोटींवर. जगात इतकी वस्ती दुसऱ्या कुठल्याच बेटावर नाही. आपल्याकडे २०११ला चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती, इथे अकराशेच्या वर.

"एवढी माणसं खातात काय, तेच बघायचंय मला," दादा म्हणाला. त्याची उभी नोकरी कृषी खात्यात, त्यातली बरीचशी मावळ-भोरच्या भातपट्ट्यात गेलेली. मग आमची पैज लागली. दहा दिवसांत, दिवसाउजेडी, नजर पोचेल तिथवर एकही माणूस नाही अशी जागा मी दाखवायची. नाहीतर परतल्यावर सगळ्या भावंडांना माझ्या घरी जेवण.

पुण्यात छत्र्या वाळत टाकून निघालो होतो, आणि इथे आभाळ कोरडं ठक्क. विषुववृत्ताच्या सहा अंश खाली आलो की पावसाचे महिने उलटतात. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. हॉटेलातल्या मुलीने नोंदवहीवरून मान वर करून विचारलं, "सुआमी-इस्त्री?" दादाला वाटलं, कपडे इस्त्रीला द्यायचेत का विचारतेय. प्रत्यक्षात तो 'स्वामी-स्त्री', म्हणजे नवरा-बायको असा प्रश्न होता. मी घाईघाईने फोनमध्ये शब्द शोधून सांगितलं, "काकाक." थोरलं भावंड. त्या दिवसापासून दादाचा काका झाला तो झालाच.

मोनास हा १३२ मीटर उंच, माथ्यावर सोन्याची ज्योत असलेला स्तंभ लांबूनच पाहिला. इस्तिकलाल मशिदीत मात्र आत गेलो. या प्रचंड मशिदीचा आराखडा सिलाबान नावाच्या ख्रिश्चन वास्तुविशारदाचा, आणि रस्त्यापलीकडे समोरच कॅथेड्रल. दुपारी सुंदा कलापा बंदरात सुलावेसी बेटाच्या बांधणीची लाकडी गलबतं ओळीने नाक वर करून उभी होती. अरुंद फळीवरून हमाल सिमेंटची पोती आत नेत होते. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१९मध्ये बटाव्हिया वसवलं ते इथूनच जवळ.

पण जकार्ता म्हटलं की मला आता मुआरा बारूची भिंत आठवते. वस्ती आणि समुद्र यांच्यामध्ये छातीएवढी काँक्रीटची भिंत. दादा भिंतीवर हात टेकून पलीकडे वाकला, मग मागे वळून पायाखालच्या रस्त्याकडे पाहत राहिला. पलीकडचं पाणी आमच्या कमरेपेक्षा वर होतं. अलीकडे एक बाई भांडी घासत होती. भिंतीच्या फटीतून आलेल्या ओलीवर शेवाळ धरलेलं. पलीकडे एक मशीद पाण्यात अर्धी बुडून उभी होती. नळाचं पाणी पुरत नाही म्हणून शहराने वर्षानुवर्षं जमिनीखालचं उपसलं, आणि खालची गाळाची जमीन दबत गेली. उत्तर जकार्ताचे काही भाग दहा वर्षांत अडीच मीटरपर्यंत खचले. सरकारने नवी राजधानी बोर्निओ बेटावर बांधायला घेतली त्याचं हे एक कारण. भांडी घासणारी बाई काही बोर्निओला जाणार नाही.

दिवस दुसरा : बांडुंग

जकार्ता-बांडुंग म्हणजे आपलं मुंबई-पुणं. खाली दमट बंदर, वर डोंगरात सातशे मीटरवर गार हवेचं विद्यार्थ्यांचं गाव. अंतरही तेवढंच. पण २०२३पासून इथे 'वूश' नावाची चिनी बनावटीची गाडी ताशी ३५० किलोमीटरने धावते आणि १४२ किलोमीटर पाऊण तासात संपवते. डेक्कन क्वीनवर प्रेम करणाऱ्या माणसाने या गाडीत बसू नये, फार वाईट वाटतं.

खिडकीतून चिकारांग, करावांग सरकत गेलं. मोटारींचे, इलेक्ट्रॉनिक्सचे, कपड्यांचे कारखाने, मग एखादं भातखाचर, पुन्हा कारखाना. करावांग म्हणजे भाताचं कोठार अशी या भागाची जुनी ओळख. आता त्याच सपाट, भरपूर पाण्याच्या जमिनीवर पत्र्याच्या शेड उभ्या आहेत. इंडोनेशियाच्या अर्थव्यवस्थेचा निम्म्याहून जास्त वाटा एकट्या जावाचा, आणि त्यातला केवढा तरी या पट्ट्यात. "चाकणचं असंच झालं," एवढंच बोलून दादा झोपला.

बांडुंगला १९५५च्या आशिया-आफ्रिका परिषदेचं सभागृह पाहिलं. २९ देश, सुकार्नो यजमान, नेहरू, चौ एन-लाय, नासर. खुर्च्या लाल, आत फक्त आम्ही दोघं आणि शाळेची सहल. संध्याकाळी गादो-गादो खाल्लं. उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची पातळ चटणी. सोलापूरच्या माणसाने निःसंकोच खावं. शाकाहाऱ्याने मात्र "तानपा तेरासी" हे दोन शब्द पाठ करून जावं. तानपा म्हणजे विना, आणि तेरासी म्हणजे सुकवून कुटलेल्या कोलंबीचा गोळा, तो चटणीत कुठेही दडलेला असतो.

दिवस तिसरा : आगगाडी

रेल्वेला इथे 'करेता आपी' म्हणतात. करेता म्हणजे गाडी, आपी म्हणजे आग. आपला आगगाडी हा शब्द पुस्तकात राहिला, इथे तो तिकिटावर छापलेला असतो. बांडुंग ते योग्यकार्ता हा सहा-सात तासांचा प्रवास, आणि सगळ्या सहलीत मला तो सर्वांत आवडला.

गाडी डोंगरातून वळणं घेत उतरते. खाली पायऱ्यापायऱ्यांची खाचरं. एका खाचरात बायका वाकून लावणी करतायत, शेजारच्यात पीक पोटरीत, त्यापलीकडे कापणी चाललेली आणि तिथेच झोडणी. दादा खिडकीला नाक लावून बसला होता. आपल्याकडे लावणी म्हटलं की आषाढ आणि कापणी म्हटलं की दिवाळी, इथे बारा महिने एका चौकटीत. डोंगरातून वर्षभर पाणी उतरतं आणि ज्वालामुखीची राख माती ताजी ठेवते. म्हणून दोन पिकं तर सहज, काही ठिकाणी तिसरंही निघतं. देशाच्या तांदळातला निम्म्याहून अधिक याच बेटावर पिकतो.

मी मात्र रिकामी जागा शोधत होते. दहा मिनिटं झाली की दादाला कोपर मारायचे, "हे बघ." आणि तो बोट दाखवायचा. बांधावर एक टोपी. केळीआड सायकल. जिथे शेत नाही तिथे घर, आणि घराभोवती नारळ, फणस, पपई, केळी, खाली हळद-आलं. अगदी कोकणातली वाडी. सरळ रान असं नाहीच. समोर बसलेला कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी इंग्रजी बोलत होता. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्या शेतकऱ्याला इथे 'पतानी गुरेम' म्हणतात असं त्याने सांगितलं. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरचा बारीक किडा. "आमचे सगळे गुरेमच," तो हसत म्हणाला. त्याचे आजोबा भाऊबंदांसकट सुमात्राला गेले होते. जावातली माणसं उचलून विरळ बेटांवर वसवायची ही योजना डचांनी १९०५मध्ये सुरू केली आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक दशकं चालली. लाखो लोक गेले. गर्दी इथे होती तिथेच.

दिवस चौथा : योग्यकार्ता

लोक 'जोग्जा' म्हणतात. इथे अजून सुलतान आहे आणि तोच प्रांताचा राज्यपाल, निवडणूक नाही. १७५५च्या तहाने माताराम राज्याचे दोन तुकडे झाले, त्यातला हा एक. राजवाड्यात पागोटी घातलेले म्हातारे सेवक सावलीत मांडी घालून बसले होते. जावाच्या भाषेत तू-तुम्ही-आपण एवढ्यावर भागत नाही. थोरांशी बोलताना क्रियापदच बदलतं. आपण खाल्लं तर 'मंगान', थोरांनी खाल्लं तर 'धाहार'. मला 'आहार' आठवला.

मालिओबोरो रस्त्यावर एक गोड बोलणारा गृहस्थ भेटला, "विद्यार्थ्यांचं बाटिक प्रदर्शन, आज शेवटचा दिवस." गेलो. साडेचार लाखांचं चित्र तीन लाखांवर आलं. एक लाख रुपिया म्हणजे आपले पाचशेच्या आसपास, पण शून्यांनी माणूस भांबावतो. घेतलं. दुसऱ्या दिवशी तसंच चित्र पदपथावर साठ हजाराला दिसलं, आणि प्रदर्शनाचा तो दिवसही शेवटचाच होता.

खरं बाटिक नंतर एका घराच्या पडवीत पाहिलं. बाईच्या हातात 'चांतिंग', लाकडी दांड्याला तांब्याची इवलीशी वाटी आणि तिला चोच. वितळलेलं मेण वाटीत घ्यायचं, चोचीवर एकदा फुंकर घालायची आणि कापडावर रेघ ओढायची. रेघ संपायच्या आत मेण थिजतं, म्हणून पुन्हा कढई, पुन्हा फुंकर. मी मोजलं, एका वितीला अकरा फुंकरा. जिथे मेण तिथे रंग चढत नाही. दुसऱ्या रंगासाठी मेण उकळून काढायचं आणि नव्याने भरायचं. अशी लुगड्याएवढी हातबाटिक व्हायला महिने लागतात. तिथे किंमत विचारायला 'हार्गा' म्हणायचं, म्हणजे आपला अर्घ. दादाने हार्गा विचारला आणि गप्प बसला.

रात्री गुदेग. कोवळा फणस गूळ आणि नारळाच्या दुधात रात्रभर शिजवलेला, सागाच्या पानांनी तपकिरी झालेला. बरोबर कातडीची भाजी देतात, ती नको म्हणून सांगावं लागतं. दादाचा अभिप्राय : "फणसाच्या भाजीला एवढा गूळ घालणाऱ्याला आपल्या आईने घराबाहेर काढलं असतं." दोनदा घेतला.

दिवस पाचवा : बोरोबुदुर

आम्ही गेलो तेव्हा वर चढायला रोज फक्त १,२०० माणसं सोडत होते, तीही वेळ ठरवून, वाटाड्याबरोबर आणि पायात त्यांनीच दिलेल्या विणलेल्या चपला घालून. दगडाची झीज होऊ नये म्हणून. चपलेचं नाव 'उपानत'. उपानह हा शब्द मी शाळेत सुभाषितात वाचला होता. तो असा पायात घालायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

शैलेंद्र राजवटीत, आठव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही दशकांत हा प्रचंड बौद्ध स्तूप उभा राहिला. त्याच्या थोडंच आधी आपल्याकडे वेरूळचं कैलास कोरलं जात होतं. राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी डोंगर घेतला आणि नको तो दगड काढून टाकला. इथल्यांनी टेकडीवर नदीतला काळा दगड एकावर एक रचला, चुना न वापरता, खाचेत खाच अडकवून. २,६७२ शिल्पपट, ५०४ बुद्धमूर्ती, माथ्याजवळ ७२ जाळीदार स्तूप. पायथ्याचा एक थर नंतर दगड रचून झाकून टाकलेला, १८८५मध्ये तो उघडकीस आला. कर्माची फळं दाखवणारे पट होते त्यात. एका कोपऱ्यात तेवढे उघडे ठेवलेत.

प्रदक्षिणा उजवीकडून. पहिल्या दोन फेऱ्यांत मी जातक शोधत होते, नंतर सोडून दिलं आणि नुसती माणसं पाहिली. डोक्यावर घडे घेतलेल्या बायका, बाजार, नांगर, हत्ती, भांडणारी पोरं. एक जहाज दिसलं, दोन्ही बाजूंना बाहेर लाकडी आधार असलेलं, शिडं फुगलेली, वरचे खलाशी दोर ओढतायत. या शिल्पावरून 'समुद्ररक्ष' नावाचं जहाज बांधून २००३-०४मध्ये लोकांनी ते आफ्रिकेत घानापर्यंत नेलं. ते जहाज खाली संग्रहालयात ठेवलंय.

सगळ्यात वर स्तूपांमध्ये उभं राहिलं की मेरापी आणि मेरबाबू हे ज्वालामुखी समोर येतात. मेरापीच्या टोकावर धुराची बारीक शेपटी. गर्दीच्या बेटावर ही सगळ्यात शांत जागा, पण माझ्यामागे १,१९९ माणसं होती.

दिवस सहावा (१७ ऑगस्ट) : मेरापी आणि प्रम्बानन

आपल्यानंतर दोन दिवसांनी यांचा स्वातंत्र्यदिन. वर्ष १९४५. गल्लीगल्लीत तांबडे-पांढरे झेंडे आणि खेळ. सुपारीच्या सोललेल्या उंच खोडाला वंगण फासलेलं, टोकाला सायकल, बादल्या, कपडे टांगलेले. पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढतायत, घसरतायत, खाली लोक ओरडतायत. दहीहंडीच, फक्त हंडीऐवजी प्रेशर कुकर.

मेरापीच्या उतारावर सालाकच्या बागा आहेत, सापाच्या कातड्यासारख्या सालीचं आंबटगोड फळ. २०१०च्या स्फोटात इथे साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, डोंगराचे पारंपरिक रखवालदार म्हाताऱ्या मारीजानबाबांसकट. ते गाव सोडून गेले नाहीत. दादाने मूठभर माती उचलली, बोटांत चुरली, वास घेतला. आपला सह्याद्रीही लाव्हाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला. "ही माती काल जन्मलेली आहे," तो म्हणाला. बाजूने वाळूचे ट्रक चालले होते. डोंगर जे ओकतो त्यातलं अर्धं शेतात जातं, अर्धं बांधकामाला.

प्रम्बाननला ऊन कलल्यावर गेलो. नवव्या शतकातलं शिवमंदिर, ४७ मीटर उंच. उत्तरेच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी. गावकरी तिला रारा जोंग्रांग म्हणतात. एका रात्रीत हजार देवळं बांध, तर लग्न करीन, अशी मागणी घालणाऱ्याला तिची अट. त्याने भुतं कामाला लावली. नऊशे नव्याण्णव झाली तेव्हा तिने गावातल्या बायकांना उठवून भात कांडायला बसवलं. मुसळांच्या आवाजाने कोंबडे आरवले, भुतं पळाली, आणि चिडलेल्या नवरदेवाने तिलाच हजारावी मूर्ती केलं. गोष्ट सांगणाऱ्या मुलीने हिजाब घातला होता आणि ती सांगताना तिला अगदी रंग चढला होता.

दिवस सातवा : पूर्वेकडे

दिवसभर आगगाडी. मधे पासुरुआन नावाचं स्टेशन आलं आणि दादा ताडकन उभा राहिला. फलाटावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. पण डचांचं ऊस संशोधन केंद्र याच गावात होतं. उसाला रोगाने ग्रासलं तेव्हा इथल्या लोकांनी गोड उसाचा रानउसाशी संकर केला आणि १९२०च्या दशकात 'पीओजे २८७८' हे वाण दिलं. पुढे कोइमतूरच्या ऊस केंद्राने त्याच्यापासून को-४१९ काढला, आणि तो 'चारशे एकोणीस' कितीतरी वर्षं आपल्या कारखान्यांच्या गव्हाणीत पडत होता. दादाने स्टेशनच्या पाटीचा फोटो काढला. बोरोबुदुरला त्याने तीन फोटो काढले होते, इथे सात.

दिवस आठवा : ब्रोमो

पहाटे तीनला जीप, हाडं गोठवणारी थंडी, आणि पनांजाकानच्या घाटात शेकडो जीपांची रांग. सूर्योदय पाहिला तो एका सेल्फी-काठीच्या पलीकडून. पण उजाडलं तेव्हा खाली ढगांचं तळं, त्यातून वर आलेला ब्रोमो, आणि मागे जावातला सर्वांत उंच सेमेरू, ३,६७६ मीटर. त्याच्या टोकावरून धुराचा एक गोळा वर गेला. ब्रोमो म्हणजे ब्रह्मा, सेमेरू म्हणजे सुमेरू. नावं ओळखीची असली की डोंगरही पाहुण्यासारखे वागवत नाहीत.

इथले तेंगेर लोक अजून हिंदू आहेत. खांद्यावरून लुंगीसारखं वस्त्र गुंडाळून घोडे हाकतात आणि उभ्या उतारावर बटाटा, कोबी, कांद्याची पात पिकवतात. तसल्या चढाला गुरंही चरायला सोडताना आपण विचार करू. अडीचशे पायऱ्या चढून विवराच्या काठावर गेलो तर तिथे गणपती. सोंडेपाशी झेंडू, मागे गंधकाचा धूर. कसाडा सणाला हे लोक भाजी, कोंबड्या, पैसे विवरात टाकतात, आणि आतल्या उतारावर जाळी धरून उभी असलेली माणसं ते वरच्यावर झेलतात. देवाला पोचलं, वाया गेलं नाही.

दुपारी जीपा निघून गेल्या. काळ्या वाळूच्या मैदानावर धुकं आलं. मी गोल फिरून पाहिलं, कुणी नाही. "दादा!" म्हणेपर्यंत धुक्यातून मोटारसायकल आली, मागे गवताचा भारा, चालवणाऱ्याने हात केला.

दिवस नववा

झोप. आणि बान्युवांगीची गाडी.

दिवस दहावा : इजेन

मध्यरात्री चढाई, तीन किलोमीटर. ज्वालामुखीच्या विवराच्या काठावरून तोंडाला मुखवटा बांधून आत उतरलो. अंधारात दगडांवरून निळ्या ज्वाला ओघळत होत्या, पेटलेल्या गंधकवायूच्या. उजाडलं तशा त्या दिसेनाशा झाल्या आणि खाली हिरवट निळं तळं उघडलं. ते पाणी नाही, जहाल आम्ल आहे.

तिथे एक माणूस पहारीने गंधक फोडत होता. वायू पाइपातून खाली आणतात, तो थिजताना आधी लालसर आणि मग पिवळाधमक होतो. बांबूच्या दोन टोपल्या आणि खांद्यावर आडवी काठी, सरळ सरळ कावड. दादाने विचारून कावडीखाली खांदा लावला. ती जमिनीवरून हललीही नाही. सत्तर किलो. हे घेऊन तो माणूस विवराच्या काठापर्यंत चढतो, तिथून ढकलगाडी. किलोला हजार-सव्वाहजार रुपिया मिळतात असं त्याने बोटांनी सांगितलं. मी मनात हिशेब केला, एका खेपेचे चारशे रुपयांच्या आतबाहेर. काहीजणांनी टोपल्या सोडून त्याच ढकलगाडीत पर्यटक बसवून वर न्यायला सुरुवात केलीय, त्यात जास्त सुटतात. हे गंधक साखर पांढरी करायलाही जातं. साखर पट्ट्यातला माझा भाऊ त्यावर काहीच बोलला नाही. त्याने साच्यात ओतलेलं गंधकाचं कासव विकत घेतलं आणि अजून त्याच्या बॅगेला सडक्या अंड्यांचा वास येतो.

दुपारी केतापांगहून फेरी. शेवटी बालीच. मधे जेमतेम काही किलोमीटरची सामुद्रधुनी, तरी पलीकडे घड्याळ एक तास पुढे. बोट सुटायच्या तयारीत होती. मी समुद्राच्या बाजूच्या कठड्याशी गेले. ना होडी, ना जाळं, नुसतं निळं पाणी. दादाला ओढत आणलं.

"बघ. एकसुद्धा नाही."

बोटीच्या अगदी खाली पाण्यातून एक काळं डोकं वर आलं, मग दुसरं. पोरं होती, बोटीवरच्या लोकांनी नाणी टाकावीत म्हणून ओरडत होती. दादाने खिसे चाचपले, पाचशेचं नाणं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"टाक. आणि जेवणात आळूचं फतफतं कर."